ऑनलाइन लेक्चर घेताय? अ‍ॅग्रीमेंटवर सही करताना या चुका टाळा

रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली की मला न उघडताच कळतं. खाली मेसेज असतो, "सर जरा नजर टाकता का, उद्या अकराच्या आत साइन करून पाठवायचंय." चौदा-पंधरा पानं, बारीक इंग्रजी, आणि पाठवणाऱ्याने स्वतः एकच पान वाचलेलं असतं, ज्याच्यावर आकडा आहे ते. मी केमिस्ट्री शिकवतो, वकील नाही. पण २०२० पासून स्वतःची आणि दुसऱ्यांची मिळून एवढी अ‍ॅग्रीमेंट्स वाचलीत, आणि त्याच त्याच ठिकाणी माणसं पडताना बघितलीत, की आता एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

रेटवर भांडायचं आणि रेकॉर्डिंगचं कलम सोडून द्यायचं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

जून २०२०. लॉकडाऊन, क्लासेस बंद, मी ज्यांच्याकडे व्हिजिटिंग होतो त्यांनी सांगितलं की बारावीची ऑरगॅनिक अख्खी रेकॉर्ड करून द्या. ताशी ९०० म्हणाले. मी चार दिवस फोनाफोनी करून ते १,०५० वर आणलं आणि घरात असा फिरलो जणू गड जिंकलाय. अ‍ॅग्रीमेंट नऊ पानांचं होतं. चौदाव्या कलमात एक सहा ओळींचं वाक्य होतं ज्याचा मतलब असा, की ही लेक्चर्स, नोट्स, स्लाइड्स, माझा आवाज, चेहरा, सगळं त्यांचं, कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल त्या प्रत्येक माध्यमात. मी ते वाचलं नाही असं नाही, वाचलं, आणि मनात म्हणलं असतंच असं सगळीकडे.

मागच्या खोलीत, भिंतीला पांढरी चादर लावून १४० लेक्चर्स केली. २०२२ च्या मार्चमध्ये तिथलं सोडलं, दुसरीकडे फुल टाइम लागलो. २०२३ च्या दिवाळीत साताऱ्याहून भाची आली, मोबाइल पुढे धरून म्हणाली, "मामा, तू अजून चष्मा लावतोस ह्यांच्याकडे?" बघतो तर मीच. निळा चेक्सचा शर्ट, जुना चष्मा, वर पट्टी "न्यू बॅच २०२४", कोपऱ्यात लाल ठिपका आणि "लाइव्ह". बाजूला चॅट पळतंय, पोरं गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग सर करतायत आणि सर कुणालाच उत्तर देत नाहीयेत, कारण सर तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आहेत. मध्येच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. आमचाच कुकर.

इथपर्यंत हसू येत होतं. मग नव्या ठिकाणाहून एचआरचं मेल आलं की तुम्ही आमच्याशी एक्सक्लुझिव्ह असताना दुसरीकडे लाइव्ह बॅच घेताय, खुलासा करा. दोन महिने माझं इन्क्रिमेंट अडकलं, जुनी अ‍ॅग्रीमेंट्स, रेकॉर्डिंगच्या तारखा, सगळे पुरावे द्यावे लागले. आणि सर्वात जास्त डोक्यात गेलेली गोष्ट वेगळीच आहे. लेक्चर ३७ मध्ये प्रोपीनवर एचबीआर टाकताना, पेरॉक्साइड नसताना, मी बोलण्याच्या नादात ब्रोमीन मधल्या कार्बनऐवजी कडेच्या कार्बनवर लावलाय. ब्रोमीन कुठल्या कार्बनवर बसतो हेच सांगणाऱ्या मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाच्या धड्यातच! मला २०२१ मध्ये कळलं होतं, तेव्हाच सांगितलं होतं, पुन्हा मेल केलं, की निदान तेवढं पाच मिनिटांचं बदला, मी फुकट शूट करून देतो. उत्तर नाही. दरवर्षी एक बॅच ते चुकीचं शिकते आणि त्याच्यावर चेहरा माझा.

आता कायदा काय म्हणतो ते, थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. पगारी नोकरीत असाल आणि नोकरीचाच भाग म्हणून नोट्स, स्लाइड्स बनवल्या, तर वेगळं काही लिहिलं नसेल तर पहिला मालक कंपनी, कलम १७. व्हिजिटिंग किंवा कन्सल्टंट असाल तर नोट्स-स्लाइड्स सहसा तुमच्या, आणि त्या त्यांना द्यायच्या तर लेखी करार आणि सही लागते, कलम १९. व्हिडिओचं गणित वेगळं, तो कायद्याने फिल्म, आणि फिल्मचा हक्क मुळात निर्मात्याचा. पण त्या व्हिडिओत शिकवणाऱ्याचाही एक स्वतंत्र हक्क असतो, परफॉर्मरचा. कायद्यातली परफॉर्मरची व्याख्या मजेशीर आहे, नट, गायक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि त्याच रांगेत "लेक्चर देणारी व्यक्ती". स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा बायोलॉजीचे सर म्हणाले, गारुड्याला निदान रोजच्या रोज पैसे मिळतात.

आणि खरी गोम अशी आहे की करारात मुदत लिहिलीच नसेल तर कलम १९ पाच वर्षं धरतं, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे काहीच न लिहिणं तुमच्या फायद्याचं असतं! म्हणून तर ते "कायमस्वरूपी" आणि "जगभर" आठवणीने लिहितात, आणि आपण ते शब्द शोभेचे समजून पुढे जातो.

मी आता काय करतो ते सांगतो, ही काही शास्त्रीय पद्धत नाही, माझी सवय आहे. लाइव्हचा रेट वेगळा, रेकॉर्डेडचा वेगळा, एकाच आकड्यात दोन्ही कधीच नाही. मी सोडल्यानंतर दोन वर्षं वापरा, पुढे वापरायचं तर वर्षाला अमुक रक्कम. स्क्रीनवर रेकॉर्डिंगचा महिना आणि साल दिसलंच पाहिजे, "लाइव्ह" लिहायचं नाही. चूक सापडली तर मी कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त करायची नाहीतर ते लेक्चर काढायचं. ह्या शेवटच्या अटीला लोक हसतात, मी ब्रोमीनची गोष्ट सांगतो. सगळं मिळतं असं नाही, पण तारखेचं आणि दुरुस्तीचं बऱ्याचदा मान्य होतं कारण त्यात त्यांचे पैसे जात नाहीत. शिवाय माझ्या आधीपासूनच्या नोट्सची यादी परिशिष्ट म्हणून जोडतो, "ह्या माझ्या, तुम्हाला फक्त वापरायला दिल्यात". ही यादी सही करायच्या आधी करायची असते बरं का, भांडण झाल्यावर नाही.

ह्यालाच जोडून आवाजाचं. हल्ली "आवाज व प्रतिमा कोणत्याही तांत्रिक साधनाने पुनर्निर्मित करण्याचा हक्क" अशी ओळ असते, म्हणजे एआयने तुमच्या आवाजात तुम्ही कधीच न घेतलेलं लेक्चर. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगचा आवाज एआयने बनवून वापरणाऱ्यांना मनाई केली, पण त्याने अशा कुठल्या कागदावर सही केलेली नव्हती. तुम्ही करताय. ती ओळ खोडा.

"वीस टक्के" ऐकून खुश होणं

कशाचे वीस टक्के, हे विचारायचंच नाही अशी काहीतरी शपथ घेतलेली असते लोकांनी. एका मित्राने मराठी टायपिंगपासून एक्सेलपर्यंतचा कोर्स बनवला, किंमत ५,०००, करारात "नेट रेव्हेन्यूच्या २० टक्के". त्याच्या डोक्यात प्रत्येक अ‍ॅडमिशनमागे हजार रुपये. झालं काय की कूपन लावून कोर्स विकला जायचा २,००० ला. त्यातून १८ टक्के जीएसटी काढला की उरले १,६९५. पेमेंट गेटवेचे चाळीस गेले, १,६५५. मग "मार्केटिंग खर्च, कंपनी ठरवेल तो", तो त्यांनी ठरवला निम्मा. उरले ८२७. त्याचे वीस टक्के १६५. त्यावर दहा टक्के टीडीएस, हातात १४९ रुपये. आणि रिफंड झाले की पुढच्या महिन्यातून वजा. कोर्स चालला नाही असंही नाही, चांगला चालला, त्यालाच परवडला नाही.

ह्याला माझा उपाय एकच, नेट हा शब्द दिसला की व्याख्या मागायची आणि त्यांच्यासमोर बसून एका अ‍ॅडमिशनचं गणित त्यांच्याच हातून कागदावर करून घ्यायचं. जो करून देत नाही त्याच्याकडे टक्केवारी घ्यायची नाही, प्रत्येक अ‍ॅडमिशनमागे ठरलेली रक्कम मागायची, कमी असली तरी चालेल. विक्रीचा आकडा बघायला स्वतःचं लॉगिन मिळत नसेल तर टक्केवारीला काही अर्थ नाही.

तास म्हणजे काय, हे न विचारणं

सांगलीची एक ओळखीतली मुलगी, जर्मन शिकवते, तासाला ६००. पण तास म्हणजे फक्त कॅमेरा चालू असलेली साठ मिनिटं. पीपीटीला पन्नास मिनिटं, ग्रुपवरच्या शंकांना चाळीस, वह्यांचे फोटो तपासायला दहा. एकूण एकशे साठ मिनिटं, म्हणजे खरा रेट २२५. त्यात लाइट गेली आणि क्लास बुडाला तर त्या तासाचे पैसे नाहीतच वर तेवढाच दंड, पण कंपनीचा सर्व्हर पडला तर ती "दैवी आपत्ती". आपत्तीचं कलम दोन्ही बाजूंना लागू आहे का ते बघा, बहुतेक ठिकाणी देव फक्त कंपनीच्या बाजूने असतो.

बाकीच्या, पटापट

"कन्सल्टंट" लिहिलंय पण दहा ते सात लॉगिन, रजेला परवानगी, दुसरीकडे शिकवायला बंदी. म्हणजे बंधनं नोकरीची आणि पीएफ, पगारी रजा, बाळंतपणाची रजा काहीच नाही. हातात दहा टक्के जास्त येतात म्हणून तरुण मुलं ह्याला फायदा समजतात, मला तरी पटत नाही.

आपण शिक्षक आहोत, लेबर कोर्टात जाऊ, असं म्हणणारे खूप. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्याच केसमध्ये सांगून टाकलंय की शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातले "कामगार" नाहीत. आणि १९७७ चा एमईपीएस कायदा, म्हणजे महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा, आहे तो मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी, अ‍ॅपवाल्यांना तो लागत नाही. म्हणून तर ह्या पीडीएफला एवढं महत्त्व आहे, बऱ्याचदा तुमच्याकडे तेवढंच असतं.

"सोडल्यावर दोन वर्षं कुठेच शिकवायचं नाही" हे वाचून घाबरू नका, करार कायदा १८७२, कलम २७, नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाची मात्र टिकते, त्यामुळे गुपचूप दुसरीकडे लेक्चर घेणाऱ्यांनी इथे आधार शोधू नये.

बॉण्डचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या अटीचं, उलटं आहे. "बॉण्ड कोर्टात टिकत नाही" हे क्लासच्या कट्ट्यावरचं ज्ञान झालं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं किंवा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवलाय. रक्कम अवाच्या सवा असेल तर कोर्ट कमी करू शकतं, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं ना.

ओरिजिनल डिग्री, मार्कशीट जमा करायची नाही. बास.

नोटीस पिरियड तुम्हाला नव्वद दिवस आणि त्यांना सात, हे खोडून दोन्हीकडे तीस मागा.

वादाचं ठिकाण गुरुग्राम लिहिलं असेल आणि तुम्ही लातूरला असाल तर तिकिटाचा खर्च आत्ताच मोजून ठेवा.

ओटीपी टाकला म्हणजे सही झाली. "मी नुसतं क्लिक केलं होतं" हे कुणी ऐकत नाही. तसंच पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर केलंय म्हणून करार चांगला होत नाही, आतला मजकूर तोच राहतो.

आणि ते एआयला पीडीएफ टाकून "समरी दे" करणं. मागच्या महिन्यात एकाने असंच केलं, उत्तर आलं की करार संतुलित आहे. अठराव्या कलमात कायमस्वरूपी हक्क होते, ते समरीत "बौद्धिक संपदेच्या नेहमीच्या तरतुदी" झाले होते. पंधरा पानं वाचायला पाऊण तास लागतो हो, अकरावीच्या पोरांना आपणच सांगतो ना प्रश्न नीट वाचा म्हणून. नेटवरून फॉरमॅट उतरवून स्वतःचा करार बनवणारे त्याच जातीचे, त्यात "वर्क फॉर हायर" लिहिलेलं असतं, ती अमेरिकेच्या कायद्यातली कल्पना, आणि एकदा तर मी कॅलिफोर्नियाचं कोर्ट पण बघितलंय, क्लास होता नगरला.

वाचायची माझी पद्धत सांगतो. आकड्याचं पान सगळ्यात शेवटी. आधी प्रिंट काढायची, मोबाइलवर नाही, आणि पेन्सिलने "कायमस्वरूपी", "कंपनीच्या मर्जीनुसार" आणि "मान्य आहे असे समजले जाईल" ह्या तीन गोष्टींना गोल करायचे. मग पीडीएफ नको, वर्ड फाइल द्या म्हणायचं. ते म्हणतात हे स्टँडर्ड आहे, बदलत नाही. माझ्या बघण्यात निम्म्या तरी वेळा बदललंय, फक्त मागणारा सहीच्या आदल्या रात्री जागा झालेला नव्हता. फोनवर जे कबूल करतील ते त्याच दिवशी मेलवर टाका, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" एवढ्या चार शब्दांनी सुरुवात करून. एचआरची मॅडम गोड बोलली ह्याचा पुरावा राहत नाही आणि सहा महिन्यांत ती मॅडम पण तिथे नसते.

मला पाठवायचं असेल तर पाठवा, पण सहीच्या आधी, आणि रविवारी दुपारी. साडेदहानंतर आलेलं मी आता उघडत नाही.