डिझर्टेशनचा डेटा घेताय? मग फॉर्म वाटायच्या आधी हे करा

एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला सगळ्यांची धावपळ असते ती सॅम्पलसाठी, आणि त्या गडबडीत एथिक्स म्हणजे मागे परिशिष्टात लावायचं एक पान होऊन बसतं. मी पण तेच केलं. एका ज्युनिअर कॉलेजात ओळखीचे सर होते, ते वर्गात आले, म्हणाले या ताईंना सगळ्यांनी फॉर्म भरून द्या, आणि ६० मुलांनी मान खाली घालून भरले. एका मुलीने मधेच पेन खाली ठेवलं होतं, सरांची नजर गेल्यावर परत उचललं. तिची सही माझ्याकडे आली, पण तिला तो फॉर्म भरायचा नव्हता हे मला दिसत होतं.

मिलग्रॅमचा प्रयोग आपण सगळेच शिकतो, कोणी सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे शॉक कुठवर देत राहतो ते बघणारा. १९६१ साली येल युनिव्हर्सिटीत सुरू झाला, पहिल्या ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. शॉक खोटे होते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही की पैसे फक्त आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच, असं त्यांना आधीच सांगितलेलं. म्हणजे उठून जायला अडवणारं काही नव्हतं, फक्त समोर कोट घातलेला एक माणूस पुढे चालू ठेवा म्हणत होता. आपल्या वर्गात ते काम सर करतात, काही न बोलता नुसते उभे राहून.

म्हणून पहिलं काम, गाईडची आणि एथिक्स कमिटीची मंजुरी झाली की कॉलेजला भेटायला जाल तेव्हाच सांगून ठेवा की फॉर्म भरताना शिक्षक वर्गात नकोत. माहितीचं पत्रक आदल्या दिवशी द्या म्हणजे घरी वाचता येतं. आणि दाराशी एक खोका ठेवा, भरलेला असो वा कोरा, प्रत्येकाने फॉर्म घडी करून त्यातच टाकायचा, म्हणजे नाही म्हणणारा एकटा पडत नाही. मुलं १८ च्या खालची असतील तर प्रिन्सिपलांची परवानगी पुरत नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार, १२ ते १८ ला लेखी आणि ७ ते १२ ला तोंडी.

पत्रकाची भाषा आपण बोलतो तशी ठेवा. सदर अभ्यासाच्या प्रयोजनार्थ वगैरे कोणी वाचत नाही, किती वेळ लागेल, प्रश्न कशाबद्दल आहेत, उत्तरं कोण बघणार, मधेच थांबलं तर चालतं, एवढं साधं लिहा. काहीच त्रास होणार नाही असं मात्र लिहू नका, उदासीबद्दल विचारलं की कोणाला तरी त्रास होतोच.

आता नववा प्रश्न. पीएचक्यू-९, म्हणजे उदासी मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, वापरणारे तिच्या शेवटच्या प्रश्नावर थांबतच नाहीत, पण त्यात गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटलं का हे विचारलेलं असतं, आणि कोणीतरी "जवळजवळ रोज" वर खूण करतं, आणि तो फॉर्म तुमच्या बॅगेत महिनाभर एंट्रीची वाट बघत पडून राहतो. हे होऊ देऊ नका. फॉर्म त्याच दिवशी बघायचे. फॉर्मवर फक्त कोड नंबर, नाव आणि कोडची यादी वेगळी, कुलपात. जिवाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवून मी कौन्सेलरला सांगेन, हे पत्रकात आधीच लिहायचं आणि तो कौन्सेलर कोण हे आधीच ठरवायचं. त्या मुलाशी एकांतात बोला, जीव द्यायचे विचार येतात का असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. पण थेरपी करायला बसू नका आणि तुला डिप्रेशन आहे असंही सांगू नका, स्कोअर म्हणजे निदान नाही. एकटं न सोडता कौन्सेलरपर्यंत स्वतः घेऊन जा.

गूगल फॉर्म निनावी असेल तर त्या माणसापर्यंत पोचायला रस्ताच नाही. मग नववा प्रश्न नसलेलं पीएचक्यू-८ घ्या, आणि काहीही असलं तरी शेवटच्या पानावर सगळ्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिसू दे.

खरा हेतू लपवला असेल तर त्याच दिवशी सगळं उलगडून सांगा, आणि ते ऐकल्यावर डेटा द्यायचा की नाही हे परत विचारा. वर्गातले फोटो स्टेटसला टाकू नका. मुलाखती घेतल्या असतील तर नाव बदलून भागत नाही, गावात महिला कंडक्टर एकच असेल तर सगळ्यांना कळतंच.

आणि नंतर कोणी येऊन म्हणालं माझा फॉर्म नको, तर कोडवरून शोधून तिच्यासमोरच फाडा, एंट्री झाली असेल तर ती ओळ पण डिलीट करा, आणि सॅम्पल ५९, एकीने माघार घेतली, असं रिपोर्टमध्ये लिहा.