घाटमाथ्यावर समुद्री पाखरू सापडलं तर या चुका टाळा

आषाढात नैऋत्येचा वारा घोंघावू लागला की अरबी समुद्रावरचे दमलेले पक्षी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात. वाऱ्याचा जोर जास्त असेल, तर एखादं पाखरू सह्याद्री ओलांडून पाटण, कोयनानगर किंवा शिराळ्याकडेही भरकटू शकतं. मदतीला माणसं धावतात, पण बहुतेकदा त्या मदतीनेच पाखरू दगावतं.

काळपट रंग बघून त्याला पाणकावळा म्हणून मोकळं होऊ नका. चोच बाजूने नीट बघा. वरच्या अंगाला नळीसारख्या नाकपुड्या आणि टोकाला आकडा दिसला, तर ते पेट्रेल किंवा शिअरवॉटर जातीचं समुद्री पाखरू आहे. पोटावर बसलेलं दिसलं म्हणून पाय मोडला असंही समजू नका. या पक्ष्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, त्यामुळे जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही. विणीपुरते ते जमिनीवर येतात, एरवी सगळा मुक्काम समुद्रावर.

सगळ्यात घातक चूक म्हणजे 'उड रे' म्हणत हवेत फेकणं. उपाशी, थकलेलं पाखरू थेट छातीवर आपटतं. कोयनेच्या किंवा चांदोलीच्या जलाशयात सोडणंही तितकंच वाईट. पिसं मळलेली असली की त्यांत पाणी शिरतं आणि पाखरू गारठून जातं.

पाव, दूध, भात देऊ नका. याचं खाणं समुद्रातली मासळी आणि माकूळ (स्क्विड). चोच उघडून पाणी ओतलंत तर ते फुफ्फुसात जातं. फोटोसाठी या हातातून त्या हातात फिरवू नका. घाबरलं की ते पोटातलं उग्र वासाचं तेल ओकतं आणि ते पिसांना लागलं की पिसांची पाणी न धरण्याची ताकद जाते.

हातमोजे घाला, टॉवेल टाकून अलगद उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी मऊ कापडाची जाड घडी ठेवा, कारण कडक तळावर बसून छातीच्या हाडाशी जखमा होतात. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, कोंबड्यांपासून लांब.

घरी पाळायचा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय या पाखराची मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून एकेक पक्षी मोलाचा. लगेच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावा. सापडलेली जागा, वेळ आणि चोचीचा बाजूने काढलेला फोटो तयार ठेवा.