विषाणूजन्य तापात मूत्रपिंडांची काळजी कशी घ्यावी

पावसाळ्यात घरात कोणाला ताप आला की थर्मामीटर लगेच हाती येतो, परंतु रुग्णाला दिवसभरात लघवी किती झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. मूत्रपिंडांना इजा होत असताना बहुधा काहीही दुखत नाही, त्यामुळे हा एक प्रश्न विचारण्याची सवय फार मोलाची आहे.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. उलट्या, जुलाब आणि घाम यांमुळे शरीरातील पाणी घटले, किंवा डेंग्यूत होते तसे रक्तातील द्रव वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पाझरू लागला, की हा पुरवठा कमी पडतो आणि गाळणीचे काम मंदावते. काही वेळा विषाणूविरुद्ध शरीरात उसळलेला दाह गाळणीच्या सूक्ष्म केशवाहिन्यांनाच इजा करतो. करोनाच्या साथीत अत्यवस्थ झालेल्या अनेक रुग्णांना याच कारणांमुळे डायलिसिस द्यावे लागले.

ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून लघवीची नोंद ठेवावी. खुणा असलेले एखादे प्लास्टिकचे भांडे वेगळे काढून त्यात लघवी मोजावी आणि वेळेसह वहीत लिहावी. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला सहा तासांत निदान 180 मिलिलिटर. त्याहून कमी झाली, किंवा लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

पाणी एकदम पाजण्यापेक्षा थोडे थोडे, वारंवार द्यावे. पातळ पेज, ताक, तसेच पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात (मोठ्या पाकिटाला एक लिटर) पूर्ण पाकीट विरघळवून केलेले ओआरएस चालते. पाकीट अर्धे-अर्धे करून अंदाजाने मिसळू नये. ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असल्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तेही परस्पर पिऊ नये.

सर्वांत मोठी चूक औषधांची होते. अंग मोडून येते म्हणून दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी मोकळी ठेवणाऱ्या रसायनांनाच अडवतात आणि पाणी कमी झालेल्या शरीरात हा फटका दुप्पट बसतो. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्याच मात्रेत, घ्यावे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या स्वतःहून बंद करू नयेत, पण जेवण-पाणी जात नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावे.

डेंग्यूत ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, असे समजू नये. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येत असतानाच द्रव पाझरण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून लघवीची वही त्या दिवसांत तर मुळीच बंद करू नये. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे.

साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस सुरुवातीला अगदी विषाणूजन्य तापासारखाच वाटतो, मात्र तो जिवाणूंचा आजार आहे, त्यावर प्रतिजैविके वेळेत लागतात आणि मूत्रपिंडे तो झपाट्याने निकामी करू शकतो. 2005 च्या महापुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ अनुभवली आहे.

तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, पाहताना जुना अहवाल सोबत न्यावा. दोन दिवसांत ते डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढले, तर आकडा छापील मर्यादेत असूनही इजा झालेली असू शकते. बरे झाल्यावरही, विशेषतः क्रिएटिनिन वाढलेले असल्यास, तीन महिन्यांनी ते आणि लघवीतील प्रथिने पुन्हा तपासून घ्यावीत. तापाशिवायही लघवीला सतत फेस येत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांची चाचणी करावी, कारण हे विषाणू वर्षानुवर्षे शांतपणे मूत्रपिंडाची गाळणी खराब करत राहतात; त्यांपैकी हिपॅटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.