सिमेंटच्या खांबांना आडवे पाइप जोडताना या चुका टाळा

दरवर्षी काट्यांची वई घालायला गडी मिळत नाहीत आणि चिऱ्याचा गडगा परवडत नाही. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाड्यांतून आता सिमेंटचे तयार खांब उभे राहतात आणि त्यांना जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपाच्या दोन-तीन आडव्या ओळी मारल्या जातात. खांब टिकतो, पाइपही टिकतो; आधी जातो तो जोड. गुहागरच्या आमच्या बागेत दुसऱ्याच पावसाळ्यात अकरा खांबांना बोल्टच्या भोकापासून वर-खाली उभी चीर गेली. तेव्हा जे कळलं ते इथे लिहितो आहे.

आमची चूक होती अँकर फास्टनर. हा बोल्ट आवळला की त्याची बाही फुगते आणि काँक्रीटला आतून रेटते. स्लॅबमध्ये ते चालतं, कारण चहूबाजूंनी काँक्रीट असतं. चार इंची खांबात मात्र भोकापासून कड जेमतेम दोन इंचांवर. केसाएवढी चीर पडते, ती डोळ्यांना दिसतही नाही. पण खारं पाणी तिच्यातून सळईपर्यंत पोचतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि मग कपच्या उडू लागतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की भोक पाडूच नका. खांबाला दोन बाजूंनी कवळणारा पट्टीचा क्लॅम्प करून घ्या आणि आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठेवा. खांब वर निमुळता असेल तर प्रत्येक ओळीचं माप वेगळं घ्या, नाहीतर खालच्या मापाचा क्लॅम्प वर ढिला बसतो. खांब घरीच ओतणार असाल तर साच्यातच अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आडवा ठेवा. आयतं, स्वच्छ भोक मिळतं.

खांब उभे झाले आहेत आणि भोकाशिवाय इलाजच नाही, तर आरपार बोल्ट घाला. तयार खांबात सळया बहुधा चार कोपऱ्यांत असतात, त्यामुळे मध्यरेषा धरा. ड्रिलचं बिट लोखंडाला लागून किंचाळलं की जोर लावू नका; दोन इंच वर-खाली सरका आणि जुनं भोक इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याने) बुजवा. एकाच बाजूने हॅमर ड्रिल चालवत गेलात तर पलीकडची कपची उडते. दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा. मोठा वॉशर घाला, बेताने आवळा आणि भोकाच्या तोंडाशी सिलंट भरा.

नटबोल्ट घेताना चकाकीला भुलू नका. चकचकीत झिंक प्लेटिंगचा थर अगदी पातळ असतो, खाऱ्या वाऱ्यात तो लवकर जातो. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, बोल्ट राखाडी, खरबरीत दिसतो, तो घ्या. समुद्र अगदी समोर असेल तर स्टेनलेस स्टीलचा 316 प्रतीचा बोल्ट घ्या, नेहमीच्या 304 प्रतीचा नको. चुंबक लावून 304 आणि 316 मधला फरक कळत नाही, बोल्टच्या डोक्यावरचा छाप पाहा: ए2 म्हणजे 304 च्या जातीचा, ए4 म्हणजे 316 च्या.

वेल्डिंगने पाइपावरचं जस्त जळतं, कापलेलं टोकही उघडं पडतं. तिथे झिंक प्रायमर लावा आणि टोकाला टोपी बसवा.

पाइप खांबाच्या कोणत्या अंगाला, हे कुणी विचारत नाही. गुरं ज्या बाजूने रेटणार त्या बाजूला लावा. भातं कापून झाल्यावर मोकाट गुरं बाहेरून येतात, म्हणजे पाइप बाहेरच्या अंगाला. मग रेटा खांबावर येतो, बोल्टवर नाही.

आणखी एक: सहा मीटरचा पाइप पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत तापून 30 अंशांनी चढला, तर सुमारे दोन मिलीमीटर लांबतो. टोकाला टोक भिडवू नका, थोडी फट सोडा.

जुन्या कुंपणाला मृगाच्या आधी एक फेरी मारा. खांबावर तांबूस ओघळ दिसला की आत सळई गंजू लागली असं समजा. वरून सिमेंट लिंपून गंज थांबत नाही. सैल काँक्रीट काढा, सळई ब्रशने घासून झिंक प्रायमर द्या, इपॉक्सी मॉर्टर भरा आणि तो जोड वीतभर वर क्लॅम्पवर घ्या.