मंडळाची दफनभूमी आणि मातीचा निधी कसा उभारावा

विदर्भातील खेड्यांत लिंगायत, गोसावी, महानुभाव, मुस्लिम, ख्रिस्ती आणि अनेक आदिवासी कुटुंबांत मयताला पुरण्याची रीत आहे. तरीही सप्ताहाचा आणि महाप्रसादाचा हिशेब चोख ठेवणारी मंडळे पुरण्याच्या जागेचा कागद क्वचितच ठेवतात आणि उणीव कळते ती तिरडी बांधली जात असताना. प्राचीन ग्रीसमधील खाजगी उपासक मंडळांनी हाच प्रश्न कसा हाताळला, हे त्यांच्या शिलालेखांवरून समजते. पुढील मार्गदर्शन त्याच आधारे केले आहे.

थियासोस, ओर्गेओनेस, एरानोस अशा नावांनी ओळखली जाणारी ही मंडळे एखाद्या देवतेच्या पूजेसाठी वर्गणीवर चालत. त्यांपैकी बऱ्याच मंडळांत परदेशी लोकांना आणि काहींत स्त्रिया व गुलामांनाही स्थान होते. अथेन्समध्ये परक्याला नागरिकांच्या सभेच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे, इ.स.पू. 333 मध्ये सायप्रसमधील किटिऑनच्या व्यापाऱ्यांना अफ्रोडायटीच्या देवळापुरती जमीन घेण्यासाठीही अशी परवानगी मागावी लागली. ज्याचे भाऊबंद समुद्रापार होते, त्याच्या मातीला उभे राहणारे लोक म्हणजे मंडळच. म्हणून सभासदांची यादी करताना गावात आलेला सालदार आणि एकटी राहणारी म्हातारी यांची नावे आधी लिहावीत.

सर्वांत अधिक श्रम जमिनीच्या कागदावर घ्यावेत. कोस बेटावर मंडळांच्या दफनजागेच्या हद्दीवर दगड रोवलेले सापडले असून ही जागा अमुक मंडळाची आहे, एवढाच मजकूर त्यांवर कोरलेला आहे. रोड्स बेटावरील एका मंडळाने तर पुरण्याच्या जागांसह आपल्या मिळकतीचे दस्त शोधून ते शिळेवर कोरून घेण्याचा ठराव केला. आमच्या गावी एका शेतकऱ्याने तोंडी दिलेली जागा दोन पिढ्या निर्वेध वापरात होती. पुढे वाटण्या झाल्या, नवा धुरा पडला आणि तिकडे जाणारी पांदण नांगराखाली गेली. त्या दिवशी आम्ही मयत खांद्यावर घेऊन उभ्या कपाशीतून गेलो, ते मी विसरू शकत नाही. म्हणून प्रथम मंडळाची धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी, त्यानंतर मंडळाच्या नावे नोंदणीकृत दानपत्र किंवा खरेदीखत करून तलाठ्याकडे फेरफार घ्यावा आणि सातबाऱ्यावर नाव चढल्याचे डोळ्यांनी पाहावे. जागा ई-क्लासची, म्हणजे सरकारी असल्यास ग्रामसभेच्या ठरावासह तहसील कार्यालयाकडे रीतसर मागणी करावी. दोन्ही बाबतींत पुरण्यासाठी जागा वापरण्याची परवानगी लेखी मिळवावी, सरकारी मोजणी करून घ्यावी, चारही कोपऱ्यांवर मंडळाचे नाव कोरलेले दगड रोवावेत आणि जाण्याच्या वाटेचा उल्लेख दस्तात असल्याशिवाय सही करू नये.

निधीबाबत ग्रीकांकडे ताफिकोन हा शब्द होता, म्हणजे अंत्यविधीसाठी मंडळाने द्यायची रक्कम. ती विनाविलंब देणाऱ्या खजिनदाराची प्रशंसा दगडावर कोरली जाई. पिरेअस बंदरातील देवमातेच्या मंडळाचा खजिनदार हर्मायोस याने तिजोरीत पैसा नसताना काही मृत सभासदांच्या दफनाचा खर्च स्वतः केला, मृत्यूनंतरही त्यांची प्रतिष्ठा राहावी म्हणून. त्याचा गौरवाचा ठराव इ.स.पू. 178-177 चा आहे. हर्मायोसबद्दल मला आदर वाटतो, पण दर वेळी असा माणूस मिळेल हे गृहीत धरू नये. मातीचा निधी उत्सवाच्या खात्यापासून वेगळा असावा आणि एका दफनाला पुरेल इतकी रोकड खजिनदार व आणखी एक सभासद यांच्या संयुक्त ताब्यात गावातच असावी, कारण मृत्यू रात्री झाला तर तालुक्याची बँक उपयोगी पडत नाही. थकीत वर्गणीचा विषय त्या दिवशी काढू नये, हे नियमातच लिहावे.

निरोप कोणी द्यायचा, हेही ठरवावे. पिरेअसच्याच एका मंडळाच्या नियमानुसार सभासद वारल्यास मुलगा, भाऊ, वडील किंवा जवळच्या नातेवाइकाने कळवायचे आणि सर्वांनी अंत्ययात्रेला जायचे. अथेन्समधील इओबाख्खोस मंडळाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मृतासाठी पाच दिनारांपर्यंतची माळ आणि दफनाला आलेल्यांसाठी मद्याचा एक रांजण ठरवला होता. न येणाऱ्याला त्यातला वाटा नसे. आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत मजुरी बुडवून सर्वांनी यावे, असा दंडक गरिबाला जाचक होईल. प्रत्येक घरातून एक माणूस एवढाच नियम पुरेसा आहे.

रोड्सवरील एका मंडळाने भूकंपात पडलेल्या भिंती व थडगी वर्गणीतून पुन्हा उभारली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दगड कलंडवते. पोळ्यानंतर गवत कापताना दोन सभासदांनी हद्दीचे चारही दगड मोजावेत आणि ती नोंद तारखेसह इतिवृत्तात करावी.