व्हिस्की शेजारी ठेवून चाखताय? आधी टक्का सारखा करा

अबरलॉर अबुना या स्कॉच व्हिस्कीच्या दोन वेगळ्या वर्षांच्या बॅच चाखणार असाल तर आधी लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का बघा, तो दर बॅचला थोडा बदलतो, आणि शेजारी 46 टक्क्यांची आर्डबेग 10 असेल तर 60 च्या आसपासची अबुना नुसत्या जोरावरच भाव खाऊन जाते. 60 टक्क्यांच्या 20 मिलीत 6 मिली पाणी घातलं की साधारण 46 होतं, सुई काढलेली सिरिंज घ्या, अंदाजपंचे ओतू नका. ग्लास एकसारखे, त्यांवर नंबर दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा, म्हणजे कुठल्यात काय ते तुम्हाला कळणार नाही. पीटवाली (पीट जाळून त्याच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीची, इथे आर्डबेग) मात्र शेवटीच, तो धूर एकदा नाकात बसला की शेरी कास्कचा, म्हणजे अबुना ज्या शेरी वाइनच्या पिंपात मुरते त्याचा, मनुकांसारखा गोड वास गेलाच समजा. आणि अर्धी संपलेली जुनी बाटली नव्या सीलबंद बाटलीशी प्लीज तुलनेला लावू नका, हवेनं तिची चव बदललेली असते.