ट्रेलरवरच्या छोट्या शिडाच्या होडीला जिब फर्लर कसा निवडावा

नॉर्थ कॅरोलायनात जॉर्डन लेकवर, होड्या पाण्यात सोडायच्या रॅम्पवर, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतं, "बावीस फुटी होडी आहे, कुठला फर्लर घेऊ?" (फर्लर म्हणजे जिब, म्हणजे पुढचं शीड, दोरी ओढून त्याच्या पुढच्या कडेभोवती गुंडाळणारं साधन.) मी उलट विचारते, "वर्षातून किती वेळा डोलकाठी उभी करता?" बहुतेकांना हा प्रश्न आतापर्यंत कोणी विचारलेलाच नसतो. दुकानातले तक्ते होडीची लांबी विचारतात. पण ट्रेलरवरच्या होडीचा फर्लर पाण्यावर जितका असतो त्याच्या कितीतरी पट वेळ काठीला बांधलेला, आडवा, हायवेचे हादरे खात असतो. तो मोडतोही तिथेच किंवा काठी चढवता-उतरवताना. मला हे कळेपर्यंत एक अख्खा फर्लर हातचा गेला, म्हणून हा लेख.

माझी होडी कॅटालिना २२ आहे. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही होडी १९६९ मध्ये बनायला लागली आणि तिची संख्या पंधरा हजारांच्या वर गेली आहे. खालचं मी तिच्यावरूनच सांगते आहे, पण १८ ते २५ फुटांच्या बहुतेक ट्रेलर-होड्यांना ते लागू पडेल.

पायरी १. उभारण्या मोजा

होडी सगळा मोसम पाण्यातच बांधून ठेवत असाल आणि काठी वर्षातून एकदाच उभी होत असेल, तर मोठ्या होड्यांचे नियम तुम्हालाही चालतील. दर शनिवार-रविवारी काठी चढत-उतरत असेल, तर पायरी ३ दोनदा वाचा.

पायरी २. नुसतं गुंडाळायचं, की कमीही करायचं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे त्यांची सर्रास मिसळ करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आलेल्या वायकम-मार्टिन पद्धतीत शिडाच्या पुढच्या कडेत तार शिवलेली असते, खाली दोरी गुंडाळणारा ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे फिरता जोड. शीड पूर्ण उघडं किंवा पूर्ण गुंडाळलेलं, एवढंच त्यातून मिळतं. अर्धं गुंडाळून चालवायला गेलात तर तार पिळते, वरचा भाग उलगडू लागतो आणि शीड पिशवीसारखं फुगतं. याच तत्त्वाचे फर्लर आजही मिळतात आणि १८ फुटांखालच्या, दिवसभराच्या फेरीच्या होडीला मी तेच सुचवते. काठी उतरवताना ते शिडासकट काढून पिशवीत घालता येतात आणि फोरस्टे, म्हणजे काठीच्या टोकापासून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) येणारी तार, मोकळी राहते.

वारा वाढल्यावर शीड थोडं गुंडाळून पुढे जायचं असेल तर फोरस्टेवर फॉइल हवाच. फॉइल म्हणजे त्या तारेवर चढवलेली खाचेची लांब नळी. शिडाची कड त्या खाचेत सरकते. पॅम्लिको साउंडसारख्या उघड्या पाण्यात जाणार असाल तर दुसरा विचार करू नका.

पायरी ३. फॉइल: लवचीक की अॅल्युमिनियम

इथे मी चुकले होते. सगळ्यांनी सांगितलं होतं की अॅल्युमिनियमचं फॉइल "खरं" आणि प्लास्टिकचं "तात्पुरतं". सरळ रेषेत फिरणं, अर्ध्या शिडाचा आकार टिकणं, वरच्या बेअरिंगमुळे हलकं चालणं, या सगळ्यात अॅल्युमिनियम खरोखरच सरस आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. पण ते बोलणाऱ्या एकाचीही होडी ट्रेलरवर नव्हती.

काठी उभी करताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. काठी मागे आडवी आहे, तिच्यावर फॉइल निजलेलं आहे, फॉइलचं वरचं टोक काठीच्या टोकाशी आणि ड्रम काठीच्या बुडाशी. काठी वर जाऊ लागली की फॉइल मध्ये झोळीसारखं लोंबतं आणि ड्रम डेकवरून पुढे नाळेकडे घसटत जातो. न्यूस नदीकाठी ओरिएंटलच्या रॅम्पवर नवरा ड्रम धरून पुढे उभा होता, मी मागून विंच फिरवत होते. ड्रम पुढच्या कठड्याच्या नळीखाली अडकला. मला वाटलं काठीचं वजन जाणवतं आहे, म्हणून मी आणखी ओढलं. ड्रमच्या दोन वीत वर फॉइल वाकलं. आम्ही ते गुडघ्यावर घेऊन सरळ केलं, डोळ्यांना सरळ दिसलंही. पण वाकून सरळ केलेलं अॅल्युमिनियम त्या जागी आत तारेला घासत राहतं. त्याच दुपारी ढग भरून आले, वारा एकदम चढला आणि निम्मं शीड गुंडाळल्यावर ड्रम फिरेना. शीड परत पूर्ण उलगडून, फडफडत्या शिडाखाली नाळेवर रांगत जाऊन ते हातांनी खाली ओढावं लागलं. जी वेळ येऊ नये म्हणून फर्लर घेतला, नेमकी तीच वेळ त्याने आणली.

म्हणून माझं ठाम मत: वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा काठी उतरत असेल तर लवचीक फॉइल घ्या. सीडीआय या कंपनीचे फ्लेक्झिबल फर्लर याच जातीचे. फॉइल डब्यात गुंडाळी करून येतं. उन्हात जमिनीवर पसरून ते सरळ करून घ्यावं लागतं, आणि ही पायरी गाळू नका. तोटे मान्य करूनच घ्या. खालचा भाग आधी फिरतो आणि वरचा मागून, त्यामुळे अर्धं गुंडाळलेलं शीड वाऱ्याच्या तोंडाशी तेवढं कसून चालत नाही. पण ते वाकतं आणि परत येतं.

अॅल्युमिनियम आधीच घेतलं असेल तर निदान एवढं करा. काठी ओढायला फर्लर वापरू नका, जिबचं हॅलियर्ड (शीड वर चढवायची दोरी) आणि काठीच्या बुडाशी लावलेला जिन पोल (ओढीला कोन देणारा दांडा) वापरा. फॉइलला एक लांब फळी किंवा नळी बांधून खालच्या सात-आठ फुटांना आधार द्या. काठी वर जाताना एका माणसाने ड्रमवरून नजर हलवायची नाही आणि त्याने "थांब" म्हटलं की ओढणाऱ्याने कारण न विचारता थांबायचं.

पायरी ४. हॅलियर्ड कुठून जातं ते बघा

लवचीक फॉइलच्या फर्लरमध्ये शीड चढवायची दोरी बहुधा फॉइलच्या आतच असते आणि शिडासोबत फिरते. हॅलियर्ड गुंडाळलं जाण्याचा प्रश्नच मिटतो, शिवाय काठीचं जिब हॅलियर्ड मोकळं राहतं आणि काठी उभी करायला कामी येतं. यात एकच सापळा आहे: शीड उतरवण्याआधी त्या आतल्या दोरीच्या टोकाला दुसरी लांब दोरी बांधायची. विसरलात तर टोक वर निघून जातं आणि ते आणायला काठी परत आडवी करावी लागते.

वर स्विव्हल असलेला फर्लर घेत असाल तर हॅलियर्ड फोरस्टेपासून मागच्या बाजूला साधारण ८ ते १० अंशांनी दूर जायला हवं. ते समांतर असेल तर शीड गुंडाळताना स्विव्हलसोबत हॅलियर्डही फोरस्टेभोवती गुंडाळलं जातं.  हॅलियर्ड मागे धरणारी कडी काठीवर लावा, आणि शीड आखूड असेल तर स्विव्हल उंच जाईल एवढा दोरीचा तुकडा शिडाच्या डोक्याला जोडा. "जोर लावा, फिरेल" हा सल्ला मी स्वतः ऐकला आहे. जोर लावल्याने फोरस्टेच्या तारेचे पदर तुटतात आणि काठी खाली येऊ शकते. फर्लर अडला की विंच नाही, आधी मान वर.

पायरी ५. माप

फोरस्टे काढा, ताणून जमिनीवर ठेवा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. कंपनीच्या कागदावरचं माप घेऊ नका, जुन्या होडीवर आधीच्या मालकांनी काय काय बदललेलं असतं ते तुम्हाला माहीत नसतं. तारेची जाडीही बघा, या होड्यांत ती बहुधा ३ ते ४ मिलिमीटर असते आणि फॉइल तिच्याशी जुळावं लागतं. तार जुनी असेल तर त्याच दिवशी नवी घाला. एकदा फॉइलच्या आत गेली की तिचे तुटके पदर कोणालाही दिसणार नाहीत. दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे हलते जोड, हवेत. नाळेवर नांगर ठेवत असाल तर लिंक प्लेट (जोडपट्टी) लावून ड्रम वर घ्या.

पायरी ६. शीड

जुन्या शिडाचे फोरस्टेला अडकवायचे हुक काढून पुढच्या कडेला फॉइलच्या खाचेत बसणारी टेप शिवून घ्यायची, आणि ड्रमपायी पुढची कड आखूड करायची. शीड १२० ते १३५ टक्क्यांचं ठेवा (टक्के काठी ते फोरस्टे या अंतराच्या तुलनेत). १५० टक्क्यांचं शीड जोराच्या वाऱ्यात फार गुंडाळावं लागतं आणि एक तृतीयांशाहून जास्त गुंडाळलं की त्याला आकार उरत नाही. उन्हापासून वाचवणारी कापडी पट्टी मागच्या आणि खालच्या कडेला शिवा. ती ज्या बाजूला असेल ती बाजू गुंडाळल्यावर बाहेर राहील, त्याच दिशेने फर्लर फिरला पाहिजे. शिवणाऱ्याला हे आधी सांगा.

पायरी ७. ड्रम आणि दोरी

दुकानात गुंडाळून दाखवतात ते वारा नसताना. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं, म्हणजे वेढे जास्त लागतात. ड्रमवर तेवढी दोरी नसेल तर शेवटचा त्रिकोण बाहेर राहतो आणि ओढायला हातात काही उरत नाही. म्हणून ड्रम घेताना हे विचारा: शीड पूर्ण गुंडाळून, त्यावर शीटच्या, म्हणजे शीड ताणून धरणाऱ्या, दोऱ्यांचे तीन वेढे देऊनही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक राहतील का? आणि शीड पूर्ण उघडल्यावर ती सगळी दोरी ड्रममध्ये मावेल का? मावत नसेल तर दोरी बारीक करा, पण ५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, ओल्या हातात ती कापते. दोरी ड्रममध्ये काटकोनात, मधोमध शिरली पाहिजे. शीड उघडताना दोरी हातात हलकी ताणून सोडा, नाहीतर ड्रममध्ये गुंता होतो.

घरी निघताना, काठी उतरवण्याआधी, शीटच्या दोऱ्या गुंडाळलेल्या शिडाभोवती फिरवून घट्ट बांधा आणि ड्रम फिरणार नाही असा अडकवा. काठी खाली आली की फॉइल तिला तीन जागी मऊ पट्ट्यांनी बांधा, त्यातली एक ड्रमच्या अगदी वर. पन्नास मैलांवर एकदा गाडी थांबवून त्या पट्ट्या हाताने तपासा.